जन्मतारीख असार बत्तीस

पोलीस पडताळणीचा ऑनलाइन अर्ज उघडला की जन्मतारखेच्या रकान्यात दिवस ३१ पर्यंतच मिळतो. नेपाळच्या विक्रम संवतात असार महिना काही वर्षी ३२ दिवसांचा येतो. त्या बत्तिसाव्या दिवशी जन्मलेला माणूस माझ्यासमोर स्टुलावर बसलेला असतो. त्याचं लॅमिनेट केलेलं नागरिकता प्रमाणपत्र माझ्या हातात, त्यावर देवनागरीत स्वच्छ लिहिलेलं ‘असार ३२ गते’, आणि संगणकाच्या मते असा दिवसच अस्तित्वात नाही. मग मोबाइलवर नेपाळी पंचांग उघडायचं, वर्ष-महिना जुळवायचा, जुलैच्या मध्यातली इंग्रजी तारीख हुडकायची आणि ती अर्जाला द्यायची. दहा मिनिटांचं काम. पण ते सगळेच करत नाहीत. काही ठिकाणी संवताचं साल जसंच्या तसं उतरवतात. ‘जन्मवर्ष २०४५’ असलेला, शिक्का मारलेला अर्ज मी डोळ्यांनी पाहिला आहे. अजून जन्माला न आलेला माणूस आंब्याची राखण करत होता आणि त्याची पडताळणीही झाली होती!

हसण्यावारी नेण्यासारखं असतं तर बरं झालं असतं. पुढे कुणी तपासणीला आलं की एका कागदावर १९८८, दुसऱ्यावर २०४५, तिसऱ्यावर ‘१ जानेवारी’ अशा तारखा निघतात, आणि तीन तारखा म्हणजे बनावट माणूस असा सरळ हिशेब मांडला जातो.

माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान रत्नागिरीत जयस्तंभाच्या अलीकडे आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, सात-बाराचे उतारे, आखातात जाणाऱ्यांची कागदपत्रं अशी बारमाही कामं असतात. दसरा-तिहार (तिहार म्हणजे त्यांची दिवाळी) आपल्या गावी साजरा करून नेपाळी माणसं कोकणात उतरली की दुकानात त्यांची रांग लागते. कैलाली, कंचनपूर, अछाम, डोटी, बझाङ. सुदूर पश्चिमेकडच्या या जिल्ह्यांची नावं मला आता संगमेश्वर-लांजा इतकी सवयीची झाली आहेत. काही जण एकटे येतात, बरेच बायकामुलांसह. हापूसच्या बागेत माकडं हाकणं, फवारणी, झाडावर चढून झेल्याने फळ उतरवणं, आढी लावणं, पेटी भरणं, रात्रीची राखण, हे सगळं आज त्यांच्याच जिवावर चालतं. मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवर आणि पर्ससीन बोटींवरही खलाशी म्हणून तेच. समुद्र ज्याने जन्मात पाहिला नव्हता तो डोंगरातला पोरगा दोन हंगामांत जाळं ओढायला शिकतो. आमची स्वतःची पोरं मुंबईला गेली. मांगरात रात्र काढायला घरचं कुणी उरलं नाही, ही जागा रिकामी पडली म्हणून ते आले. आमच्याकडे त्यांना अजूनही सरसकट ‘गुरखे’ म्हणतात आणि हाक मारायची तर ‘बहादूर’. अर्जात मात्र नाव लागतं, आणि बागायतदार शेठ माझ्याकडे बघून विचारतात, “ह्याचं खरं नाव काय रे?” माणूस तीन हंगाम त्यांच्याकडे राबलेला असतो.

या लोकांना भारतात यायला व्हिसा लागत नाही. ३१ जुलै १९५० रोजी काठमांडूला झालेल्या भारत-नेपाळ करारातलं सातवं कलम दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापार करण्याची, हिंडण्या-फिरण्याची मुभा देतं. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांबाबत नवा कायदा लागू झाला. १९४६ चा जुना कायदा आणि त्याच्यासोबतचे आणखी तीन कायदे गेले. पण जमिनीवरून किंवा विमानाने येणाऱ्या नेपाळी आणि भूतानी नागरिकांना पासपोर्ट-व्हिसाची सूट नव्या व्यवस्थेतही राहिली. म्हणजे बनबसाच्या किंवा गौरीफंट्याच्या नाक्यावर सशस्त्र सीमा बलाचा जवान कागद बघतो, पिशवी चाचपतो आणि सोडतो. मी इतकी वर्षं काउंटरच्या अलीकडून जे पाहतो आहे ते असं, की खरी तपासणी तिथे होतच नाही. ती इथे होते, रत्नागिरीत. आणि ती करणारे बहुतेक जण सरकारी नोकर नसतात. बोटमालक, बागायतदार, खोली भाड्याने देणारा, सिमकार्ड विकणारा, आणि अर्ज भरणारा मी. कागद चालेल की नाही हे ठरवायचा अधिकार आम्हाला कुणी दिलेला नाही, पण रोज आम्हीच ते ठरवतो.

त्यातला सगळ्यात वाईट भाग म्हणजे मूळ कागद कुणाच्या ताब्यात असतो हा.

हंगामाच्या सुरुवातीला बागायतदार उचल देतो. कुणाला घराचं छप्पर घालायचं असतं, कुणाला बहिणीचं लग्न उरकायचं असतं. पैसे आधी, काम नंतर. आणि तारण म्हणून नागरिकता प्रमाणपत्र शेठच्या कपाटात. सगळेच असं करतात असं नाही. पण पुष्कळ करतात, आणि त्यात काही गैर आहे असं त्यांना वाटतही नाही. एकदा असेच एक शेठ दुकानात दहा-बारा प्रमाणपत्रांची चळत रबरबँड लावून घेऊन आले. झेरॉक्स काढायच्या होत्या. मी विचारलं, माणसं कुठे आहेत? “माणसं बागेत. कागद माझ्याकडे असले की पळत नाहीत.” बाजूच्या खुर्चीवर राजिवड्याचे एक चाचा बसले होते. मुलाच्या नोकरीच्या कागदांसाठी आलेले. त्यांनी स्वतः आखातात उमेदीची सगळी वर्षं घालवलेली. चाचा हळूच म्हणाले, “शेठ, आमचा कफीलपण अगदी हेच बोलायचा.” शेठ हसले. त्यांना ती गंमत वाटली. चाचा हसले नाहीत. पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे तिकडच्या मालकाच्या, तिजोरीत असताना आई वारल्याचा निरोप आला आणि रजा मिळेपर्यंत चाळिसावा उलटून गेला, ही हकिकत त्यांनी शेठ गेल्यावर मला सांगितली.

राजिवडा, मिरकरवाडा, कर्ला या बाजूच्या घराघरांत अशा हकिकती आहेत. अकामा, म्हणजे तिकडचा राहण्याचा परवाना, संपला आणि मालकाने नवा केला नाही, म्हणून माणूस रातोरात बेकायदेशीर ठरला. १९९० साली इराकने कुवेत घेतलं तेव्हा अम्मानमार्गे विमानाने सुटून आलेली माणसं आहेत. परक्या देशात आपला कागद दुसऱ्याच्या कपाटात असणं म्हणजे काय, हे या जिल्ह्याला शिकवायला लागू नये. तरी शिकवावं लागतं.

बागायतदाराची बाजू मला कळत नाही असं नाही. उचल घेऊन माणूस मार्चमध्ये दुसऱ्या बागेत गेला, नेमक्या गरजेच्या वेळी फवारणीला कुणी नाही, असं होतं. थ्रिप्स, अवकाळी पाऊस, वाशीच्या दलालाचा दर, सगळीकडून तो दाबलेला असतो. पण उचलीच्या बदल्यात माणसाची हालचाल रोखणं हे १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याच्या फार जवळ जातं, हे मी प्रत्येकाला सांगतो. ‘वेठबिगारी’ म्हटलं की शेठ चिडतात. त्यांच्या डोळ्यांपुढे साखळदंड येतात. साखळदंड लागत नाहीत. १९८२ साली एशियाड खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत, परिस्थितीच्या दाबाखाली करून घेतलेलं कामसुद्धा सक्तीचं काम आहे. आणि राज्यघटनेच्या ज्या २३ व्या कलमावर तो निकाल उभा आहे, ते फक्त भारतीय नागरिकांपुरतं नाही. चौदावं आणि एकविसावं कलमही ‘व्यक्ती’ला संरक्षण देतं. १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात न्यायालयाने हेच स्पष्ट केलं होतं. किमान वेतनाच्या कायद्यातही नागरिक असण्याची अट नाही. नेपाळी माणसाला इथे मत देता येत नाही, पण मजुरी मागता येते. ही एवढी साधी गोष्ट दोन्ही बाजूंना ठाऊक नसते.

एक प्रकरण माझ्या हातून टाइप झालं म्हणून तपशिलात माहीत आहे. अछामचा तिशीतला माणूस एप्रिलमध्ये कलमावरून पडला. मांडीचं हाड मोडलं. सरकारी रुग्णालयात ऑपरेशन झालं. मालकाने सुरुवातीचा खर्च केला आणि मग हात आखडला. हंगामाचा हिशेब काढला तो उचल, रेशन, औषधं वजा जाता शून्य. उलट चार हजार त्याच्याकडेच निघतात म्हणे. कागदावर काहीच नव्हतं. हजेरी नाही, मजुरीचा ठराव नाही, तो त्या बागेत होता याचा पुरावा नाही. पुरावा शोधताना शेवटी जी गोष्ट कामी आली ती म्हणजे पोलीस पडताळणीचाच अर्ज. त्यावर मालकाची सही होती, कामाचं ठिकाण होतं, ‘कधीपासून कामावर’ हा रकाना भरलेला होता. जो कागद त्याच्यावर नजर ठेवायला घेतला होता त्यानेच त्याची नोकरी सिद्ध केली. आम्ही विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला. मोफत कायदेशीर मदत मिळायला स्त्रिया, मुलं, कोठडीतली माणसं, वेठबिगारीचे बळी असे गट आहेत, आणि ठराविक मर्यादेच्या आत उत्पन्न असलेला कुणीही गरीब. नोटीस जायच्या आधीच मालक तडजोडीला आला. पैसे पुरेसे मिळाले असं मी म्हणणार नाही. पण तो कुबडी घेऊन का होईना, पैसे खिशात घेऊन गेला.

तेव्हापासून मी अर्जातला एकही रकाना मोकळा सोडत नाही.

पडताळणीवर माझा राग नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला दहशतवादी समुद्रातूनच आले होते. त्यानंतर किनाऱ्यावर कोण कुठल्या बोटीवर आहे याची नोंद हवी, हे कुठलाही शहाणा माणूस मान्य करील. बिनसतं ते मोहीम निघते तेव्हा. नोव्हेंबर २०२४ मध्ये रत्नागिरी तालुक्यातल्या एका चिरेखाणीवर १३ बांगलादेशी मजूर पकडले गेले. पुढच्या आठवड्यात माझ्या दुकानात खाणमालकांची झुंबड. त्यांच्याकडचे मजूर विजयपूरचे, बिहारचे, पश्चिम बंगालचे. २०२५ च्या मोहिमेत तर बंगाली बोलणारा प्रत्येक जण संशयित झाला. मुंबई परिसरातून उचललेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना त्या जूनमध्ये थेट सीमेपलीकडे ढकललं गेलं, आणि त्यांच्या राज्य सरकारने धावपळ केल्यावर परत आणावं लागलं. भारतीय माणसं, भारतातूनच हद्दपार. आमच्याकडे चिऱ्याच्या खाणीवर असलेला मुर्शिदाबादचा एक पोरगा त्या काळात आधार, मतदार ओळखपत्र, बापाच्या जमिनीचा दाखला अशी जाड फाइल पोटाशी बांधून हिंडायचा. झोपतानाही सोडत नसे.

परदेशी कायद्यात पुराव्याचं ओझं माणसावर असतं. सरकारने तू परदेशी आहेस हे सिद्ध करायचं नाही. तू नाहीस हे तू दाखवायचं. जुन्या कायद्याचं नववं कलम हेच सांगत होतं आणि नव्या कायद्यानेही ते सोडलेलं नाही. यातून माझ्या काउंटरवर एक विचित्र जोडी तयार झाली. बंगालचा मजूर आपण भारतीय आहोत हे सिद्ध करायला धडपडतो. त्याच्या मागे रांगेत उभा असलेला नेपाळी, आपण खरोखर परदेशीच आहोत, पण चालणारे परदेशी आहोत, हे सिद्ध करायला. त्यातल्या ज्याचं आडनावच ‘नेपाली’ असतं, त्याला ‘आडनाव लिही, राष्ट्रीयत्व नको’ म्हणून परत पाठवलं जातं. ‘बि.क.’ हे आडनाव लावणारे तिथले दलित. त्यांच्या अर्जात ते कधी ‘बिक’ होतं, कधी इंग्रजी आद्याक्षरं होतात, आणि मग दोन कागद जुळत नाहीत. सिक्कीम-दार्जिलिंगचे भारतीय नेपाळीभाषक वेगळेच. त्यांना कुणी भारतीय समजतच नाही.

रत्नागिरीला परक्या मुलखातला माणूस नवा नाही. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा १८८६ साली इथे आणला गेला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. त्याला तर सोडून जायचीच परवानगी नव्हती. त्याची थोरली मुलगी नंतर इथेच राहिली, आणि तिची मुलगी टूटू मराठी बोलत, मराठी संसार करत इथेच म्हातारी झाली. थिबा पॅलेस आता सहलीचं ठिकाण आहे. पर्यटक तिथे फोटो काढतात आणि परतताना आंब्याची पेटी घेऊन जातात. ती पेटी बहुतेक वेळा कैलालीच्या कुणीतरी भरलेली असते.

सीमा बंद होते म्हणजे काय होतं, ते २०२० ने दाखवलं. मार्चमध्ये नेपाळने सीमा बंद केली आणि २४ मार्चच्या रात्री आपल्याकडे देशभर टाळेबंदी जाहीर झाली. ऐन हापूसचा हंगाम. मे उजाडेपर्यंत बागेत काम होतं म्हणून माणसं गप्प होती. मग फळ संपलं. दुकान बंद, मी घरून अर्ज भरून देत होतो. श्रमिक रेल्वे सुरू झाल्या तेव्हा नावनोंदणीत ‘कोणत्या राज्यात जायचं’ असा रकाना आला. नेपाळ हे राज्य नाही. मी उत्तर प्रदेश किंवा उत्तराखंड लिहीत असे, कारण सीमा तिथे आहे. तिथला पत्ता विचारला तर? माणसं म्हणायची, “साबजी, नाक्याचं नाव लिहा.” पुढे वर्गणी काढून खासगी गाड्या ठरवल्या गेल्या. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, दापोली-मंडणगडाकडे झोडपून गेलं, तेव्हाही मागे राहिलेली कुटुंबं मांगरातच होती. नाक्यावर पोचलेल्यांचे फोन यायचे. पूल बंद, पलीकडे घर दिसतंय पण सोडत नाहीत. धारचुल्याकडे काही जणांनी महाकाली नदी पोहून पार करायचा प्रयत्न केल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. स्वतःच्या देशात शिरायला नदीत उडी! सुटले ते गावच्या शाळेत विलगीकरणात, फरशीवर.

असे धक्के त्यांना सारखे बसतात आणि आपल्याकडे त्याची दखलही नसते. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने शंभरापेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली. त्यानंतरच्या मे महिन्यांत ही माणसं जयस्तंभापासून गाडीतळापर्यंत शंभराच्या नोटा मागत फिरायची. हंगामाची कमाई शंभरा-शंभरात केली की पिशवीभर होते, आणि पनवेल, लखनौ, पलिया असा प्रवास करताना पिशवी कुणाच्याही नजरेत भरते. बँकेतून नेपाळला पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना २००८ पासून आहे, २०२१ मध्ये तिची मर्यादा वाढून एका वेळी दोन लाख झाली. पण त्यासाठी ओळखीचा मूळ कागद दाखवावा लागतो. आणि मूळ कागद कुठे आहे, ते वर सांगितलंच. सप्टेंबर २०२५ मध्ये तिकडच्या सरकारने फेसबुक, व्हॉट्सअॅप बंद केलं, तरुण रस्त्यावर उतरले, सरकार पडलं. त्या दिवसांत मिरकरवाड्याचे खलाशी माझ्याकडे मोबाइल घेऊन येत, “इसमें वाइबर डालो.” तेवढं चालू होतं. एकाचा धाकटा भाऊ काठमांडूला शिकत होता. तो फोनवर सापडेपर्यंत हा माणूस दुकानाच्या पायरीवरून हलला नाही. मी शटर उशिरा ओढलं.

सगळंच काळं नाही. आमच्या ओळखीचे एक गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत. वाडीतली मुलं मुंबईला गेल्याने पट कोसळला होता, तो नेपाळी मुलांनी सावरला. शिक्षण हक्क कायद्यानुसार जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे गुरुजींना पाठ आहे, आणि शाळा टिकवायची त्यांना गरजही आहे. ती मुलं माझ्या दुकानात आईबापांच्या अर्जांचं मराठी वाचून दाखवतात. एका चौथीतल्या मुलीने मी बापाचं नाव चुकीचं टाइप करत असताना स्क्रीनवर बोट ठेवून “काका, इथे रफार आहे” असं सांगितलं.

यंदाचा हंगाम सुरू होतो आहे. जे बागायतदार आणि बोटमालक हे वाचतील त्यांना माझं सांगणं थोडकं आहे. पडताळणी जरूर करा, टाळू नका. ती तुमच्याही सोयीची आहे. तारीख पंचांग बघून लिहून घ्या. मजुरी किती, उचल किती, हे दोन ओळींत लिहून दोघांच्या सह्या घ्या आणि एक प्रत त्याला द्या. माणूस पळेल ही भीती असेल तर उचल कमी द्या, महिन्याचे पैसे महिन्याला द्या. वेळेवर पैसे मिळणारा माणूस मार्चमध्ये बाग सोडत नाही, हे तुमच्यातलेच काही जण मला सांगतात. आणि नागरिकता प्रमाणपत्र कपाटात ठेवू नका. वाटेत अडवलं तर शेठचं नाव सांगून कुणी सुटत नाही, कागद दाखवावा लागतो. मूळ त्याच्या खिशात, झेरॉक्स तुमच्या फाइलला. दोन्ही बाजूंची झेरॉक्स चार रुपयांत होते.